चेहऱ्याची साक्ष

रहस्यकथा वाचतो हे सांगताना अध्यापनाच्या व्यवसायातली माणसे अजूनही थोडी ओशाळतात. आमच्या वडिलांच्या पिढीने बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड क्रमिक पुस्तकाच्या आड धरून वाचले; आम्ही आमच्या रहस्यकथा अर्थशास्त्राच्या ग्रंथांखाली ठेवतो, एवढाच काय तो फरक. वस्तुतः ओशाळण्याचे कारण नाही. खून कोणी केला, हा रहस्यकथेतला वरवरचा प्रश्न झाला. समाज कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवतो आणि कोणाच्या ठेवत नाही, हा दुसरा प्रश्न त्याच्या पोटात दडलेला असतो, आणि चांगला रहस्यकथाकार तो आपल्याला नकळत विचारून जातो.

नीटा प्रोझ या कॅनेडियन लेखिकेची ‘द मेड’ ही कादंबरी मी अशीच, उत्तरपत्रिका तपासण्याच्या दिवसांत, कामातून पळवाट म्हणून हाती घेतली. पळवाट काही ती ठरली नाही. काही वर्षांपूर्वी माझ्या हातून घडलेला एक अन्याय तिने माझ्यापुढे आणून ठेवला. त्याविषयी लिहिल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही. परंतु आधी कादंबरीविषयी.

‘द मेड’ जानेवारी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. लेखिका टोरांटोची, प्रकाशनव्यवसायात संपादक म्हणून मुरलेली. स्वतःची मात्र ही पहिलीच कादंबरी. ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या खपाच्या यादीत ती पहिल्या क्रमांकावर गेली आणि त्याच नायिकेला घेऊन ‘द मिस्टरी गेस्ट’ (२०२३) व ‘द मेड्स सीक्रेट’ (२०२५) या आणखी कादंबऱ्याही पुढे आल्या. तिचे बीज कसे रुजले हे लेखिकेने सांगितले आहे. २०१९ साली कामानिमित्त ती लंडनला गेली होती. एके दिवशी हॉटेलातल्या आपल्या खोलीत ती अवेळी परतली, तेव्हा खोली आवरणारी बाई दचकून मागे सरली. लेखिकेने सकाळी कशीतरी टाकून दिलेली पायजम्यासारखी विजार त्या बाईच्या हातात होती. आपण कोण, कसे राहतो, काय टाकतो, हे या बाईला पुरते ठाऊक आहे आणि आपल्याला मात्र तिच्याविषयी काहीही ठाऊक नाही, या जाणिवेने लेखिका शरमली. परतीच्या विमानात हातरुमालाएवढ्या कागदावर तिने कादंबरीचा आरंभ लिहून काढला.

नायिका मॉली ग्रे पंचवीस वर्षांची आहे. एका अनाम शहरातल्या ‘रीजन्सी ग्रँड’ नावाच्या पंचतारांकित हॉटेलात ती खोल्या आवरण्याचे काम करते. आजीने तिला वाढवले. ती आजीही जन्मभर दुसऱ्यांच्या घरची कामे केलेली. कादंबरी सुरू होते तेव्हा आजीला जाऊन काही महिने झालेले आहेत आणि घराचे भाडे थकले आहे. मॉलीला आपले काम मनापासून आवडते. विसकटलेली खोली पूर्ववत निर्दोष करून सोडणे यात तिला जो आनंद होतो, तो एखाद्या गवयाला समेवर येताना होत असेल तसा आहे. पण माणसांचे चेहरे तिला वाचता येत नाहीत. समोरचा हसला, तर तो आनंदाने हसला की आपली टर उडवण्यासाठी हसला, याचा तिला पत्ता लागत नाही. बोलण्यातला उपरोध ती शब्दशः घेते. आजी होती तोवर संध्याकाळी चहाच्या टेबलावर दिवसभराच्या प्रसंगांचा उलगडा होत असे. आजी हीच तिची भाष्यकार होती. आता भाष्यकार गेला आहे आणि मूळ संहिता समोर उघडी पडली आहे.

अशा अवस्थेत एके दिवशी चौथ्या मजल्यावरील आलिशान दालनात चार्ल्स ब्लॅक हा गडगंज धनिक पाहुणा तिला पलंगावर मृतावस्थेत आढळतो. प्रेत तिने पाहिले, वर्दी तिने दिली, आणि थोड्याच दिवसांत आरोपीही तीच ठरते. खुनी कोण, हे मी सांगणार नाही. परीक्षणाच्या आडून रहस्य फोडणे हा रहस्यकथेपुरता तरी गुन्हाच मानला पाहिजे.

न दिसणारी माणसे

नोकरमाणूस दिसत नाही, यावर रहस्य उभारण्याची कल्पना नवी नाही. चेस्टरटनच्या फादर ब्राउनची ‘द इन्व्हिजिबल मॅन’ ही कथा १९११ च्या संग्रहातली. एका इमारतीवर चार माणसे नजर ठेवून असतात. आत कोणीही गेले नाही, असे चौघेही प्रामाणिकपणे सांगतात. आणि तरीही आत खून होतो व प्रेतही नाहीसे होते. कारण आत गेलेला माणूस टपालवाला असतो. टपालवाल्याला कोणी ‘माणूस’ म्हणून मोजलेलेच नसते. त्या कथेत आणखी एक मार्मिक तपशील आहे. ज्याचा खून होतो, त्याने घरकामासाठी किल्लीवर चालणारे यांत्रिक नोकर तयार करून पैसा मिळवलेला असतो. नोकराचे यंत्र करण्याची हौस आणि नोकराकडे यंत्रासारखे पाहण्याची सवय या दोन गोष्टी चेस्टरटनने शेजारी शेजारी ठेवल्या आणि त्यावर भाष्य करण्याचे टाळले.

प्रोझबाईंनी ही कल्पना उलटी करून घेतली आहे. चेस्टरटनच्या कथेत न दिसणारा माणूस गुन्हेगार होता आणि आपण त्याला बाहेरून पाहत होतो. येथे न दिसणारी बाई गोष्ट सांगते आहे आणि आपण तिच्या डोळ्यांनी दिसणाऱ्या माणसांकडे पाहतो. आरंभीच ती हॉटेलातल्या पाहुण्याला, म्हणजे अर्थात वाचकाला, उद्देशून बोलते. तुमच्या कचऱ्याच्या टोपलीत काय आहे, अंथरुणाची काय दशा आहे, पाहुणे कोण आले होते, हे सारे तिला ठाऊक असते. दिसत नसल्यामुळे तिच्या देखत माणसे बोलतात, भांडतात, पैसे मोजतात. तिला सर्व दिसते. त्याचा अर्थ मात्र उशिरा लागतो. वाचकाचे याच्या उलट होते. मॉली एखाद्या खोलीतली पांढरी धूळ मोठ्या निष्ठेने पुसते, तेव्हा ती धूळ कसली हे आपण केव्हाच ओळखलेले असते. कादंबरीतली बरीचशी गंमत आणि बराचसा ताण या अंतरातून आलेला आहे.

या धुळीचा संबंध ज्या कारस्थानाशी आहे, त्याकडे अर्थशास्त्राचा शिक्षक म्हणून माझे लक्ष विशेष वेधले. हॉटेलातल्या मद्यगृहात काम करणारा रॉडनी हा देखणा, गोडबोल्या तरुण रात्री रिकाम्या खोल्यांतून अमली पदार्थांचा धंदा चालवतो. त्यासाठी त्याने दोन माणसे हेरलेली आहेत. एक हुआन मॅन्युएल, भांडी घासणारा मेक्सिकन तरुण. त्याच्या कामाच्या परवान्याची मुदत संपलेली आहे, त्यामुळे छळ झाला तरी तो पोलिसांकडे जाऊ शकत नाही. दुसरी मॉली. हुआनला राहायला घर नाही, त्याला रात्रीपुरता आसरा दे, असे सांगून रॉडनी तिच्याकडून रिकाम्या खोल्यांच्या किल्ल्या मिळवतो, आणि ती परोपकार समजून देत राहते. एकाला फिर्याद करता येत नाही आणि दुसरीच्या फिर्यादीवर कोणी विश्वास ठेवणार नाही, हा रॉडनीचा हिशेब आहे. आम्ही वर्गात सांगतो की मजुराचे वेतन त्याच्या उत्पादकतेवर ठरते. ते सांगताना एक अर्धी बाजू राहून जाते. नोकरी सोडून जाण्याची आणि तक्रार करण्याची त्याची ताकद किती, यावरही त्याचे मोल ठरते. आणि ज्याचा शब्द स्वस्त, त्याचे श्रम गुन्हेगारी धंद्याला सर्वांत स्वस्त पडतात. रॉडनीने अर्थशास्त्राचे पुस्तक उघडलेले नाही, पण हे त्याला आमच्यापेक्षा चांगले समजते.

लहानसहान शोषणाचेही हे पुस्तक एक चांगले दालन आहे. चेरिल ही सफाई विभागाची प्रमुख इतर बायकांच्या वाट्याच्या खोल्यांत आधीच शिरते आणि पाहुण्यांनी ठेवलेली बक्षिसी लांबवते. शिवाय शौचकूप पुसलेल्या फडक्यानेच ती हात धुण्याचे भांडेही पुसते. यांपैकी कोणता अपराध मोठा, असे मॉलीला विचारले तर ती दुसऱ्याकडे बोट दाखवील, असा माझा तर्क आहे. आणि त्या खोलीत उतरणारा पाहुणा म्हणून मी तिच्याशी सहमत आहे.

निदान नसलेली नायिका

कादंबरीत मॉलीच्या स्वभावाला कोठेही वैद्यकीय नाव दिलेले नाही. वाचकांनी आणि समीक्षकांनी ‘ऑटिझम’ हा शब्द वापरला. लेखिकेने तो पात्रांच्या तोंडी घातला नाही. मार्क हॅडन यांच्या २००३ सालच्या ‘द क्युरियस इन्सिडेंट ऑफ द डॉग इन द नाइट-टाइम’ या गाजलेल्या कादंबरीतही हेच होते. शेजारच्या कुत्र्याला कोणी मारले याचा तपास करणाऱ्या पंधरा वर्षांच्या ख्रिस्तोफरच्या निवेदनात निदानाचे नाव येत नाही. पण ख्रिस्तोफर मुलगा होता, आणि ही गोष्ट दुर्लक्षिण्याजोगी नाही. लिओ कॅनर यांनी १९४३ साली ज्या अकरा मुलांच्या निरीक्षणांवरून ऑटिझमचे वर्णन केले, त्यांत आठ मुलगे व तीन मुली होत्या. हान्स आस्परगर यांच्या १९४४ च्या निबंधातले चौघेही मुलगेच होते. त्यामुळे पुढे बराच काळ ही मुलग्यांचीच अवस्था समजली गेली. मुली इतरांचे पाहून पाहून हसणे-बोलणे पाठ करतात, आपला गोंधळ झाकतात, आणि म्हणून त्या उशिरा ओळखल्या जातात किंवा ओळखल्याच जात नाहीत, हे अलीकडे मान्य होऊ लागले आहे. मॉली अशीच शिकलेली मुलगी आहे. तिचे हसणे ती परकी भाषा शिकावी तसे शिकली आहे, आणि परक्या भाषेत होतात तशाच चुका तिच्या हसण्यातही होतात.

आपल्याकडे ऑटिझमला ‘स्वमग्नता’ हा शब्द रूढ झाला आहे. शब्द सुरेख आहे, मूळ ग्रीक ‘स्व’शी इमान राखणाराही आहे; परंतु मॉलीची ओळख झाल्यापासून तो मला खटकू लागला आहे. ही मुलगी स्वतःत मग्न कोठे आहे? ती अष्टौप्रहर इतरांच्या खोल्यांत, इतरांच्या सोयीत, इतरांचे काय बिघडले या चिंतेत मग्न आहे. स्वमग्न म्हणायचेच तर तिच्याकडे न पाहता तिच्या समोरून जाणाऱ्या पाहुण्यांना म्हणावे लागेल. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन हे स्वतः ऑटिस्टिक आहेत. त्यांनी २०१२ साली मांडलेला विचार येथे उपयोगी पडतो. ऑटिस्टिक माणसाला इतरांचे मन कळत नाही एवढेच आपण म्हणत आलो; पण इतरांनाही त्याचे मन कळत नसते. न समजणे दोन्ही बाजूंनी असते, आणि आपण त्याचा सारा बोजा एकाच बाजूवर टाकतो. नव्वदीच्या दशकापासून ‘न्यूरोडायव्हर्सिटी’ या शब्दाभोवती जो विचार वाढला, त्याचा गाभाही असाच काहीसा आहे: मेंदूच्या घडणी अनेक असतात, आणि त्यांतली जी बहुसंख्य आहे तिला आपण सरसकट ‘बरोबर’ म्हणतो.

पोलीस ठाण्यातल्या प्रसंगात हा विचार कथेत कसा उतरतो ते पाहण्यासारखे आहे. तपास अधिकारी स्टार्क मॉलीला प्रश्न विचारते. मॉली विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे देते. न विचारलेल्या प्रश्नांची देत नाही, कारण ते विचारलेले नाहीत. त्या खोलीच्या अस्वच्छतेने ती बेचैन होते, आणि तिची बेचैनी ही अपराधाची खूण ठरते. तिचा शांतपणा तिच्या निर्दयतेत जमा होतो. आधीच परिस्थितीजन्य पुरावा तिच्या विरुद्ध: तिच्या ढकलगाडीवर अमली पदार्थाचे कण, तिच्या धूळ ओढणाऱ्या यंत्रात लपवलेले पिस्तूल, तिने गहाण टाकलेली अंगठी. पण पुरावा वाचण्याआधी चेहरा वाचलेला असतो, आणि एकदा चेहरा ‘असा’ ठरला की प्रत्येक वस्तू त्याला साक्ष देऊ लागते. मॉली आणि तिची आजी दूरदर्शनवर ‘कोलंबो’ ही जुनी अमेरिकन गुप्तहेरमालिका आवडीने पाहत असत. तो चुरगळलेल्या कोटातला, बावळट दिसणारा हेर आठवा. श्रीमंत गुन्हेगार त्याला कमी लेखतात आणि त्यामुळेच सापडतात. कोलंबोचा बावळटपणा त्याच्या कोटासारखा होता, त्याला तो काढून ठेवता येत असे. मॉलीला तशी सोय नाही.

खूण आणि कुवत

माझ्या विषयात या गोष्टीवर एक प्रसिद्ध सिद्धांत आहे. मायकेल स्पेन्स यांनी १९७३ साली नोकरीच्या बाजारातल्या संकेतांविषयी निबंध लिहिला. २००१ चे नोबेल पारितोषिक त्यांना ॲकरलॉफ आणि स्टिग्लिट्झ यांच्यासमवेत मिळाले, त्यामागे हेही काम होते. विचार सोपा आहे. नोकरी देणाऱ्याला उमेदवाराची खरी कुवत दिसत नाही, म्हणून दिसणाऱ्या खुणांवरून तो न दिसणारी कुवत ताडतो. परंतु कोणतीही खूण भरवशाची नसते. जी मिळवणे कुवतवानाला स्वस्त आणि कुवत नसलेल्याला महाग पडते, तीच खूण खरी. पदवीविषयी स्पेन्स यांनी हे मांडले. आता मुलाखतीतल्या खुणांना हीच कसोटी लावून पाहा. डोळ्याला डोळा भिडवणे, योग्य क्षणी हसणे, स्वतःविषयी चार वाक्ये सहज बोलणे: एखाद्या कामचुकार पण बोलक्या तरुणाला याला काय खर्च येतो? शून्य. आणि जिला हिशेब, नोंदी, कपाटे, वेळा यांत कधी चूक होत नाही, पण परक्याच्या डोळ्यांत पाहणे म्हणजे प्रखर दिव्याकडे पाहण्यासारखे वाटते, तिला? म्हणजे येथे खुणेची किंमत कुवतीच्या नेमकी उलट बसली. असा संकेत बाजाराला फसवतो. आणि फसलेल्या बाजाराला आपण फसलो हे कळतही नाही, कारण नाकारलेल्या उमेदवाराचे काम कधी पाहायलाच मिळत नाही.

आर्ली हॉक्सचाइल्ड या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ साली ‘द मॅनेज्ड हार्ट’ या ग्रंथात विमानातल्या परिचारिकांचा अभ्यास करून ‘भावनिक श्रम’ ही संकल्पना रूढ केली. हसणे हा त्या नोकरीचा भाग असतो आणि ते हसू आतून आलेले वाटावे अशी मालकाची अपेक्षा असते. सेवाक्षेत्र वाढत गेले तसतशी ही अपेक्षा सर्व नोकऱ्यांत शिरली. आज जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयांतही ‘व्यक्तिमत्त्व विकासा’चे वर्ग भरतात; हस्तांदोलन किती घट्ट असावे, बसताना पाठ किती ताठ असावी, हे शिकवले जाते. त्यात वाईट काही नाही. मात्र ज्या विद्यार्थ्याला ते जमत नाही त्याचे व्यक्तिमत्त्व ‘विकसित’ झालेले नाही, असे त्यातून आपोआप सूचित होते. आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मान्य केलेल्या एकवीस प्रकारांत ऑटिझमचा समावेश आहे, आणि सरकारी नोकऱ्यांतील चार टक्के आरक्षणापैकी एक टक्का ऑटिझम, बौद्धिक व मानसिक दिव्यांगत्व, विशिष्ट अध्ययन-अक्षमता व बहुविकलांगता यांच्यासाठी मिळून आहे. ज्या मॉलीपाशी निदानाचा दाखलाच नाही, तिला त्याचा उपयोग नाही. केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून गट ‘क’ आणि अराजपत्रित गट ‘ब’ पदांसाठी मुलाखती बंद केल्या, त्याचा उद्देश वशिलेबाजीला आळा घालणे हा होता. पण माझा कयास असा की त्या निर्णयाने कितीतरी अबोल मुलामुलींना, त्यांच्यासाठी कोणी काही योजले नसतानाही, दार उघडून दिले असेल.

कादंबरीत उणिवा नाहीत असे नाही. मॉलीची सुटका व्हावी म्हणून हॉटेलचा वृद्ध द्वारपाल प्रेस्टन मदतीला येतो आणि त्याची मुलगी नेमकी वकील निघते; गरिबाला असा शेजार क्वचितच लाभतो. मॉलीचा भाबडेपणा काही ठिकाणी इतका ताणलेला आहे की लेखिका तिच्यावर प्रेम करते आहे की आपल्याला तिच्यावर हसवते आहे, असा प्रश्न पडतो. माझा सर्वांत मोठा आक्षेप तिच्या लोभसपणालाच आहे. ती स्वच्छ आहे, नम्र आहे, कष्टाळू आहे, आजीची वचने जपणारी आहे; तिच्यावर अन्याय होऊ नये असे वाटायला वाचकाला काहीच सायास पडत नाहीत. ती फटकळ, आळशी, गबाळी असती तर? स्टीग लार्सनच्या लिस्बेथ सालांडरने या प्रश्नाला तोंड दिले होते. तीही निराळ्या घडणीची, पण तिने वाचकाकडे कधी माया मागितली नाही. न्याय मिळण्यासाठी माणूस गोड असावा लागतो, ही समजूत मॉलीच्या कथेने दृढ होण्याचा धोका आहे.

तथापि शेवटच्या प्रकरणांत लेखिकेने या आक्षेपाला दिलेले उत्तर मला निरुत्तर करून गेले. वाचकाने तोवर मनाशी एक सिद्धांत पक्का केलेला असतो: अशी माणसे खोटे बोलू शकत नाहीत, त्यांच्या पोटात काही राहत नाही. मॉलीवर आपला विश्वास बसलेला असतो तो या सिद्धांताच्या आधारावर. आणि मग कळते की एक गोष्ट तिने पोलिसांपासून, न्यायालयापासून आणि वाचकापासूनही राखून ठेवलेली होती. जाणूनबुजून, स्वतःच्या नीतीला स्मरून. कोणी विचारले नाही म्हणून तिने सांगितले नाही. पोलिसांनी तिच्या चेहऱ्यावरून तिला लबाड ठरवले होते. आपण त्याच चेहऱ्यावरून तिला बाळबोध ठरवले. वाचन दोघांचेही चुकले. पुस्तक मिटल्यावर मी बराच वेळ तसाच बसून राहिलो, आणि तेव्हा ती जुनी गोष्ट आठवली.

एका महाविद्यालयात हिशेबनिसाच्या पदासाठी निवड समितीवर मी बसलो होतो. लेखी चाचणी तीस गुणांची, मुलाखत वीस गुणांची. चाचणीत एक तेरीज देऊन तिच्यावरून नफातोटा पत्रक व ताळेबंद तयार करायला सांगितले होते. ती तेरीज जुळत नव्हती. बहुतेक उमेदवारांनी फरक कोठेतरी ढकलून ताळेबंद जमवून टाकला. एका मुलीने उत्तराच्या आरंभी लिहिले होते की, तेरजेत ९० रुपयांचा फरक आहे, त्याला ९ ने भाग जातो, त्या अर्थी आकड्यांची अदलाबदल झालेली असावी. छपाईखर्चाच्या ओळीत ५४० च्या जागी ४५० पडले असावेत असे धरून पुढील उत्तर लिहीत आहे. पुढचे उत्तर निर्दोष होते.

मुलाखतीत ती पूर्ण वेळ टेबलावरच्या कागददाबाकडे पाहत होती. स्वतःविषयी काही सांगा, असे म्हटल्यावर तिने विचारले, ‘काय सांगू?’ काहीही सांगा, म्हटल्यावर तिने नाव, पत्ता, ती कोणत्या क्रमांकाच्या बसने आली आणि बसला किती मिनिटे उशीर झाला, एवढे सांगितले. अध्यक्षांनी हसू दाबले. प्रश्नच चुकीचा आहे असे तुम्ही लिहिलेत काय, या प्रश्नावर तिचे उत्तर ‘हो’ असे होते. पुढे ना क्षमायाचना, ना स्मित. ती बाहेर गेल्यावर एक सदस्य म्हणाले, ‘उद्धट आहे.’ मी शेऱ्याच्या रकान्यात ‘आत्मविश्वासाचा अभाव’ असे लिहिले आणि वीसपैकी चार गुण दिले. एकाच चेहऱ्यावरून एकाला उद्धटपणा दिसला आणि दुसऱ्याला आत्मविश्वासाचा अभाव. या दोन गोष्टी एका ठिकाणी कशा नांदतील, हे कोणालाही सुचले नाही. जागा दुसऱ्या उमेदवाराला मिळाली. त्याच्याविषयी माझी काही तक्रार नाही. तो छान बोलला होता. त्या मुलीच्या स्वभावाला काही नाव आहे काय, हे ठरवण्याचा मला अधिकार नाही, आणि पुढे ती कोठे गेली हेही मला माहीत नाही.

समितीचे काम आटोपल्यावर, गुणपत्रकावर सर्वांच्या सह्या होऊन गेल्यानंतर, मी प्रश्नपत्रिकेचा मूळ कच्चा कागद काढून पाहिला. त्यावर छपाईखर्च ५४० च होता. त्यावरून छापखान्याला दिलेली स्वच्छ प्रत माझ्या हातची होती.